निराधार भगिनींचे स्वावलंबन



हजरत जाबिर (रजि.) यांच्या मावशींना तलाक झाला होता. इद्दतीच्या काळात त्या आपल्या झाडांचे खजूर उतरवण्यासाठी निघाल्या, तेव्हा एका माणसाने बाहेर पडल्याबद्दल त्यांना दटावले. त्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या. प्रेषितांनी त्यांना परवानगी दिली. या खजुरांतून तुमच्या हातून दान किंवा एखादे सत्कृत्य घडेल, असे सांगितले. 'सहीह मुस्लिम'मध्ये ही घटना आहे.

विचार करा. जिचे घर नुकतेच मोडले होते, तिच्यात प्रेषितांनी याचक पाहिली नाही, दान देणारी पाहिली.

आणि आपण? एका विधवा भगिनीच्या घरी दर रमजानमध्ये धान्य पोहोचवून मी समाधान मानीत असे. एके वर्षी ती म्हणाली, "इमामसाहेब, अल्लाह तुम्हाला बरकत देवो, पण मला काम कोण देईल?" स्वयंपाक, शिवण, हिशेब, सारे तिला येत होते. ती तिची कमाईची विद्या होऊ शकते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मीही नाही.

हजरत उमर (रजि.) यांनी शहादतीच्या काही दिवस आधी निर्धार बोलून दाखवला होता की, आयुष्य लाभले तर इराकच्या विधवांना माझ्यानंतर कोणाचीही गरज भासणार नाही, अशी तजवीज करीन. 'सहीह बुखारी'त हे नमूद आहे. अर्थात, निराधार स्त्रीला स्वावलंबी करणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, आणि ते साहाय्य घेणे ही तिची मानहानी नव्हे.

आपल्या राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून निराधार विधवा व घटस्फोटित स्त्रियांना दरमहा साहाय्य मिळते. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांमार्फत स्त्रियांना प्रशिक्षण व उद्योगाची वाट दाखवते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शिवणकामासारखे अभ्यासक्रम आहेत. कर्ज व व्याजाविषयी आलिमांना अवश्य विचारावे. हुन्नर शिकण्यात व कष्टाच्या वेतनात तो प्रश्नच नाही.

मात्र मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड यांतील नावात एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडतो, आणि एकटी स्त्री खचून परतते. जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी तासभर बसून हे अर्ज भरून द्यावेत. विधवेसाठी धडपडणारा हा अल्लाहच्या मार्गात जिहाद करणाऱ्यासारखा आहे, अशी प्रेषितांची शिकवण आहे.

खजुराच्या वाटेवर अडवणाऱ्या त्या माणसाचे नाव हदीसमध्ये नाही. त्याची जागा आपण घेऊ नये. अल्लाह आपणास सद्बुद्धी देवो. आमीन.