जुनी अंगठी घेताना



साखरपुड्यासाठी नव्या अंगठीऐवजी जुनी, हिऱ्याची अंगठी घ्यावी, असे एखाद्या तरुणाला वाटते. त्यामागचा विचार चांगला असतो. नव्या हिऱ्यासाठी जमीन खणावी लागते, जुन्यासाठी नाही. मग जुनी अंगठी घेणाऱ्याच्या मनाला काही टोचणी नको, असे म्हणता येईल काय?

अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडल्या. तोवर जगाला हिरे मुख्यतः आपल्याच देशातून, गोवळकोंड्याच्या मुलखातून मिळत. युद्धासाठी विकल्या जाणाऱ्या हिऱ्यांना आळा घालणारी किंबर्ले योजना २००३ साली सुरू झाली, तीही फक्त कच्च्या हिऱ्यांपुरती. त्याआधीच्या हिऱ्याजवळ असा दाखला नसतो. जुनेपणामुळे खाणीतला घाम पुसला जात नाही, तो फक्त दिसेनासा होतो.

पण त्याहून जवळचा प्रश्न वेगळा आहे. ही अंगठी दुकानात आली कशी? कोणी राजीखुशीने विकली असेल, कोणी अडचणीत. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. घरात आजारपण येते, बियाण्याला पैसे लागतात, आणि चांदीचे कडे किंवा कमरेची साखळी गहाण पडते. व्याज वाढते, दागिना सुटत नाही. पुढे तो घेणाऱ्याला स्वस्त पडतो, पण ती स्वस्ताई कोणाच्या तरी वाईट दिवसांची असते.

१९७२ साली अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आपल्या शहाद्यात आदिवासी बांधव एकत्र आले, ते हातून गेलेल्या जमिनींसाठी. त्या व्यवहारांना कागद होते, कागदांवर अंगठे होते. तरीही त्यात न्याय नव्हता. पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्यासाठी राज्याला १९७४ चा कायदा करावा लागला. कागदावर अंगठा उमटला म्हणजे मन राजी होते असे नाही, हे या गावाने पाहिले आहे. जमिनीला जे लागू, ते अंगठीलाही लागू.

मग गरजवंताकडून काही घेऊच नये काय? तसे नाही. त्याला पैशांची खरोखर गरज असते. आपण पाठ फिरवली तर त्याची अडचण वाढेलच. त्याच्याकडून विकत घेणे हा दोष नाही. त्याच्या गरजेवर भाव पाडणे हा दोष आहे. म्हणून जुनी अंगठी घेताना ती कोठून आली ते विचारावे, हिरा पारखून घ्यावा, पावती घ्यावी. विकणाऱ्याला खरी किंमत ठाऊक नसेल आणि आपल्याला असेल, तर ती आपणच सांगावी. आणि जिच्या बोटात ती घालायची, तिच्यापासून यातले काही लपवू नये.

लूककृत शुभवर्तमानात (१५:२२) परत आलेल्या मुलाच्या बोटात बाप अंगठी घालायला सांगतो. तिच्यात हिरा होता की नाही, हे तेथे लिहिलेले नाही. तू माझा आहेस, एवढे सांगायला ती पुरेशी होती. विवाह संस्कारात अंगठ्यांना आशीर्वाद देताना धर्मगुरूही त्यांचे वजन विचारत नाहीत.

तेव्हा तरुणांनो, जुनाच दागिना हवा असेल तर आधी आपल्या घरात विचारा. आजीची एखादी साधी अंगठी कोठे गहाण पडली असेल, तर हिऱ्यासाठी साठवलेल्या पैशातून ती सोडवून आणा. आजीची संमती घेऊन ती नववधूच्या बोटात घाला. तिची चमक कमी असेल, पण ती कोठून आली हे दोघांनाही सांगता येईल.