कंपॅनियन : भाकरीचा सोबती



'कंपॅनियन' हा इंग्रजी शब्द आपण 'सोबती' या अर्थाने ऐकतो. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'कुम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे भाकर. ज्याच्यासोबत आपण भाकर खातो, तो कंपॅनियन. आपल्या रोजच्या बोलण्यातला 'कंपनी' हा शब्दही याच घराण्यातला.

मराठीतही भाकरीवरून नाते ठरते. पण 'रोटीव्यवहार' हा शब्द आपल्या समाजात कोणाच्या पंगतीला बसायचे नाही, हे सांगण्यासाठीच अधिक वापरला गेला. १६ व्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी ही भिंत ओलांडली आणि गावाचा रोष पत्करला, असे परंपरा सांगते.

आपल्या अर्धापूरच्या केळीच्या बागांत दुपारी शिदोऱ्या सुटतात. मालक आणि मजूर एकाच सावलीला बसतात का? भाकर देणे सोपे असते. ती उभ्यानेही देता येते. सोबत खायची तर शेजारी बसावे लागते.

वेदीवरच्या एकाच भाकरीत आपण सारे सहभागी होतो. मग घरी गेल्यावर पंगती वेगळ्या का? ज्याला आजवर उंबऱ्याबाहेरच चहा दिला, त्याला या आठवड्यात आपण जेवायला आत बोलावू या.