विधवेला दार सापडले पाहिजे



संत लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात प्रभू येशूने एका विधवेचा दाखला सांगितला आहे. त्या नगरातल्या न्यायाधीशाला ना देवाचे भय होते, ना जनाची लाज. विधवेजवळ पैसा नाही, वशिला नाही, पाठीशी उभे राहणारे कोणी नाही. तरी ती पुन्हा पुन्हा त्याच्याकडे जाते आणि एकच मागणे मागते. प्रार्थनेत चिकाटी हवी हे सांगण्यासाठी आपण हा दाखला नेहमी ऐकतो. पण त्यातली एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. ती बाई भिक्षा मागत नाही. ती न्याय मागते.

आणखीही एक गोष्ट आहे. न्यायाधीश कुठे बसतो हे त्या विधवेला ठाऊक होते. तिला ठोठावायला एक दार होते. पण ज्याच्या सहीने आपले शेत बुडणार आहे, तो माणूस सातासमुद्रापलीकडे बसला असेल आणि त्याच्या कचेरीला गरिबासाठी दारच नसेल, तर विधवेने जावे कुठे?

हा प्रश्न आपल्या नाशिक धर्मप्रांतातच उभा राहिला होता. आज नंदुरबार जिल्ह्यात आणि तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांत, सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेकाठी आदिवासींची गावे होती. गुजरातमधील सरदार सरोवर धरणामुळे तीन राज्यांतील २४५ गावे बाधित होणार होती. त्यांपैकी ३३ महाराष्ट्रातील होती. धरणाला सर्वांत जवळचे आपले गाव म्हणजे मणिबेली. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. हेतू चांगला सांगितला होता: तहानलेल्यांना पाणी, शेतीला सिंचन, घराघरांत वीज. पण ज्यांची घरे जाणार होती, त्यांना कोणी नीट विचारले नव्हते.

येथे नाबोथाची आठवण होते. आपण नाशिककर, द्राक्षमळा म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. अहाब राजाने नाबोथाला मळ्याच्या बदल्यात दुसरा चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख किंमत देऊ केली. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर सौदा वाईट नव्हता. तरीही नाबोथाने नकार दिला, कारण तो मळा त्याच्या वाडवडिलांचा होता. नर्मदाकाठच्या माणसाचेही तसेच होते. जंगल, नदी, गुरे, पितरांची जागा हे सगळे मिळून त्याचे घर. त्यातली बरीचशी जमीन सरकारी कागदावर त्याच्या नावाने नव्हतीच. मग भरपाई कशाची आणि किती मोजणार?

जागतिक बँकेकडे नियम नव्हते असे नाही. विस्थापितांच्या पुनर्वसनाचे धोरण तिने १९८० मध्ये आणि आदिवासींविषयीचे १९८२ मध्ये केले होते. ते कागदावर होते, पण पाळले जातात की नाही हे विचारण्याचा अधिकार गावकऱ्याला नव्हता. म्हणून लोक उठले. नर्मदा बचाओ आंदोलन उभे राहिले. मेधा पाटकर १९८९ मध्ये अमेरिकेत गेल्या आणि तेथील संसदेच्या समितीपुढे त्यांनी या गावांची बाजू मांडली. १९९० च्या अखेरीस हजारो लोक धरणाच्या दिशेने चालत निघाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे त्यांना अडवण्यात आले आणि तेथे दीर्घ उपोषण झाले. दार नव्हते, म्हणून त्यांनी भिंतीवरच थापा मारल्या.

अखेर १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स तिचे अध्यक्ष होते. समितीचे सदस्य गावोगावी फिरले, लोकांशी बोलले आणि जून १९९२ मध्ये त्यांनी अहवाल दिला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेने स्वतःचेच नियम धाब्यावर बसवले, असा त्याचा निष्कर्ष होता. बँकेने मागे सरून सर्व गोष्टींचा नव्याने विचार करावा, असे समितीने सुचवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नको म्हणून कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेच्या संचालक मंडळाने ‘तपासणी पॅनेल’ स्थापन केले. बँकेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रकल्पामुळे ज्यांचे नुकसान होते, अशा दोन किंवा अधिक व्यक्तींना तेथे थेट तक्रार करता येते. म्हणजे भिंतीत दार पाडले गेले, आणि ते पाडणाऱ्यांत आपल्या सातपुड्यातले लोक होते.

पण बंधु-भगिनींनो, अर्धेच सत्य सांगून थांबता येणार नाही. धरण थांबले नाही. बँक बाजूला झाली, तरी सरकारांनी स्वतःच्या पैशाने बांधकाम सुरू ठेवले. गावे पाण्याखाली गेली, पुनर्वसनाची प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळली आणि १३८.६८ मीटर उंचीचे पूर्ण धरण २०१७ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. मणिबेलीच्या लोकांनी जे दार पाडले, त्यातून आत गेले ते दुसरेच. नेपाळमधील अरुण नदीच्या प्रकल्पाची तक्रार १९९४ मध्ये पॅनेलकडे गेली आणि पुढच्याच वर्षी बँकेने त्यातून अंग काढून घेतले. २००४ मध्ये मुंबईतील रहिवासी व दुकानदार पॅनेलकडे गेले. नागरी परिवहन प्रकल्पाच्या रस्त्यांसाठी आणि रेल्वेमार्गांसाठी सुमारे १ लाख २० हजार लोकांना हलवले जात होते. चौकशी झाली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन या भागांचे पैसे काही महिने रोखून धरले. गुजरातमधील मुंद्र्याच्या मच्छीमारांनी तर वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला अमेरिकेतील न्यायालयात खेचले. अशा संस्थांना न्यायालयापासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मच्छीमारांचा दावा मात्र पुढे फेटाळला गेला.

मग या सगळ्यांनी काय मिळवले? पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, हे देवाच्या राज्याचे गणित आपल्याला नवीन नाही. दाखल्यातला न्यायाधीशही काही हृदयपालट होऊन न्याय देत नाही, तो कंटाळून देतो. तरी त्या विधवेचे जाणे वाया गेले असे येशू म्हणत नाही. उलट, शेवटी तो श्रद्धेविषयी प्रश्न विचारतो. आपल्या हयातीत फळ दिसले नाही तरी न्यायाची मागणी सोडायची नाही, हीसुद्धा श्रद्धाच आहे.

आता प्रश्न आपला. आपण हा दाखला ऐकताना स्वतःला विधवेच्या जागी पाहतो. पण शहरात राहणारे आपण पुष्कळदा त्या न्यायाधीशाच्या ओसरीवर बसलेले असतो. आपल्या नळाला गंगापूर धरणाचे पाणी येते. कोणतेही धरण कुणाची तरी जमीन घेऊनच उभे राहते. सरकार जे कर्ज काढते ते आपल्या नावाने काढते आणि त्याचे हप्ते आपल्या करांतून फिटतात. विकास नको असे कोणी म्हणत नाही. पाणी हवे, रस्ते हवेत, मुलांना नोकऱ्या हव्यात. मात्र त्याची किंमत कोण मोजतो, त्याला आधी विचारले का, आणि त्याची तक्रार ऐकणारे कोणी आहे का, हे तीन प्रश्न विचारणे आपले ख्रिस्ती कर्तव्य आहे. नर्मदाकाठचे ते बांधव आपल्या धर्मग्रामाचे नव्हते म्हणून हे कर्तव्य टळत नाही. दाखल्यातल्या विधवेचेही नाव, गाव, कूळ येशूने सांगितलेले नाही.

आपल्या परिसरात नवा रस्ता, जलवाहिनी किंवा कारखाना येत असेल, तर पैसा कुठून येतो याची चौकशी करा. माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. ज्यांना वाचता-लिहिता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांचा अर्ज लिहून द्यावा. ग्रामसभेत जाणाऱ्या आदिवासी बांधवाबरोबर जाऊन बसावे. आणि आपल्या स्वतःच्या संस्थांत, पतपेढीत, शाळेत, धर्मग्राम समितीत, गरिबाच्या तक्रारीसाठी दार उघडे आहे का, हेही पाहावे. जगातल्या मोठ्या बँकेला जाब विचारणाऱ्याने आपल्या दारावरची थाप ऐकली पाहिजे.

प्रभू आपल्याला विधवेची चिकाटी देवो, आणि आपण न्यायाधीशाच्या जागी असू तेव्हा ती पहिल्यांदा येईल त्याच दिवशी उठून दार उघडण्याची बुद्धी देवो. आमेन.