खोटी हाक

रात्री दोनच्या सुमारास गल्लीत एखाद्या मोटारीचा भोंगा ओरडू लागतो. आपण कूस बदलतो. "नेहमीचंच आहे," असे मनाशी म्हणतो. यात नीतीचा काही प्रश्न आहे असे आम्हांलाही कधी वाटले नव्हते.

बेळगावातील आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात आमचीच जुनी गाडी आठवड्यातून तीनचारदा ओरडत असे. ट्रक गेला तरी ओरडे, ढग गडगडले तरी ओरडे. आम्ही खिडकीतूनच रिमोट दाबीत असू व पुन्हा निजत असू. शेजारी सोशिक. मग श्रावणात एका रात्री समोरच्या काकांची गाडी ओरडली. कोणीही उठले नाही, आम्हीही नाही. सकाळी पाहतो तो काच फुटलेली, आतील बॅटरी व स्टिरिओ नाहीसा. काका इतकेच म्हणाले, "मला वाटलं, तुमचीच आहे."

चोरीचा दोष चोराकडे, हे खरे. परंतु भोंगा चोराला पकडीत नाही. तो फक्त शेजाऱ्यांना हाक मारतो. त्यांनी उठावे, यावरच त्याची सारी मदार. ते उठणे आमच्या मालकीचे नव्हते, तरी आम्ही ते उधळून टाकले होते. लांडग्याच्या गोष्टीतला मुलगा जाणूनबुजून खोटे बोलला. आमच्या वतीने यंत्र खोटे बोलत होते आणि आम्हांला ते ठाऊक होते. मग फरक कितीसा उरला? यहेज्केलाच्या 33व्या अध्यायात तरवार येताना पाहूनही कर्णा न फुंकणाऱ्या पहारेकऱ्याला दोषी धरले आहे. रोज उगाच फुंकणाऱ्याविषयी तेथे काही नाही, पण नगर दोघांच्याही हाती झोपूनच राहते.

न्यूयॉर्क शहरात मोटारीचा भोंगा 3 मिनिटांत आपोआप थांबला पाहिजे, असा कायदा आहे. बरे आहे, पण कायदा आवाज मोजतो, गेलेला भरवसा मोजीत नाही.

मेकॅनिकला दाखविले तेव्हा अर्ध्या तासाचेच काम निघाले. धक्का ओळखणारा सेन्सर सैल तारेला नुसता लोंबकळत होता. तो त्याने पत्र्याला घट्ट बसविला व त्याचा लहान स्क्रू फिरवून संवेदना कमी केली. बॉनेटखालचा स्विच पाण्याने गंजला होता, तो बदलला. बॅटरी कमजोर झाली तरी काही अलार्म उगाच वाजतात, असेही तो म्हणाला. मग दिवसाढवळ्या काचेवर मूठ ठोकून आम्ही परीक्षा घेतली. हलक्या ठोक्याला गप्प, जोराच्या ठोक्याला बोंब. अर्ध्या तासाच्या या कामाला आम्ही दोन महिने लावले होते!

परवा रात्री पुन्हा भोंगा वाजला. आम्ही टॉर्च घेऊन बाहेर आलो, तर काकाही दारात उभे. आमच्या दोघांच्याही गाड्या गप्प होत्या. आवाज मागच्या गल्लीतून येत होता. काकांनी पायांत चपला सरकविल्या आणि विचारले, "जायचं का?"