‘यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’

लातूर-नांदेडकडे नवरा-बायकोचे बिनसले आणि दोन्हीकडची माणसे बसली, की निकाल बाँडपेपरवर येतो. पंचांच्या सह्या, नोटरीचा शिक्का आणि शेवटी एक ठरलेले वाक्य : ‘एकरकमी पोटगी मिळाली असून यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही.’ सोडचिठ्ठी झाली, असे दोन्ही घरे धरून चालतात. मुलगा दुसरे लग्न करतो, मुलीचेही कुठेतरी जमवून देतात. कायद्याच्या लेखी मात्र पहिले लग्न बहुधा तसेच उभे असते.

याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यामागे इतिहास आहे. १९४७ साली मुंबई प्रांताने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात होते. तो कायदा इथे आलाच नाही. काडीमोड व्हायचा तो जातीच्या रूढीने, पंचांपुढे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही ही वाट बुजवली नाही. कलम २९ ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला. फक्त न्यायालयांनी अट घातली. आपल्या जातीत अशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे दाव्यात मांडावे लागते आणि पुराव्याने शाबीत करावे लागते. नुसत्या फारकतनाम्याने लग्न मोडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय विधी मंत्रालयाने नोटरींनाही बजावले की लग्नाचे वा घटस्फोटाचे दस्त करण्याचा अधिकार त्यांना नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने शंभराच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाला दिली. म्हणजे निरुपयोगी कागद आता महागही झाला.

मग अशा कागदाला काहीच किंमत नाही का? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात बाईने पहिल्या नवऱ्याशी लेखी करार करून फारकत घेतली होती, हुकूमनामा घेतला नव्हता. दुसऱ्या नवऱ्याला हे लग्नाआधीपासून ठाऊक होते. पोटगीची वेळ आली तेव्हा त्याने पहिल्या लग्नाकडे बोट दाखवले. न्यायालयाने ते ऐकले नाही. करार म्हणजे घटस्फोट नव्हे. पण ती दोघे खरोखर वेगळी झाली होती, याचा तो पुरावा आहे, असे मानून तिला पोटगी दिली. मला हा निकाल योग्य वाटतो. कागदाने लग्न मोडले नाही, म्हणून त्या कागदामागचे वास्तव खोटे ठरत नाही.

कौटुंबिक न्यायालयात, कलम १३ ब खाली संमतीने झालेल्या तडजोडीची गोष्ट वेगळी. तिथे हुकूमनामा पक्का असतो, आणि तरी ते ठरलेले वाक्य तिथेही असतेच. पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येतो का? मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले : नाही. उपासमार टाळण्यासाठी कायद्याने दिलेला हक्क खाजगी कराराने संपवणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९२९ मध्येच असे ठरवले होते. मुलांच्या खर्चाचा तर प्रश्नच नाही. आई-बापाला तो आपापसांत सोडून देता येत नाही.

यावर वकील मंडळी एक आक्षेप घेतात, आणि तो पोकळ नाही. सह्या करून, रक्कम घेऊन बायको पाच वर्षांनी पुन्हा उभी राहणार असेल, तर एकरकमी पैसे देईल कोण? पण न्यायालये डोळे झाकून बायकोची बाजू घेतात, असेही नाही. तडजोडीचा लाभ घेऊन घटस्फोट पदरात पाडून घेतलेल्या पत्नीला जुना फौजदारी खटला पुढे रेटू द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये नकार दिला. घटस्फोट पक्का, वाटणी पक्की. शिल्लक राहतो तो फक्त पोटाचा प्रश्न. तोही ज्याला कायमचा मिटवून हवा असेल, त्याने आधी आपली मिळकत उघडी करावी. पोटगीच्या वादात दोन्ही पक्षांनी उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने घालून दिले आहे.

आपल्याकडे घोडे पेंड खाते ते वसुलीत. पगारदाराचा पगार जप्त होतो. सोयाबीन-उसावर जगणाऱ्या घरात जमीन सासऱ्याच्या नावावर आणि नवरा कागदोपत्री बिनकामाचा. खावटी थकली की वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. उशीर झाला तर ती थकबाकी या मार्गाने मिळत नाही. नवरा महिनाभर तुरुंगात बसून आला तरी देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले. पण फिटत नाही म्हणजे मिळते, असे थोडेच आहे!

म्हणून तडजोडीत पैशाऐवजी एक-दीड एकर लिहून दिले जाते. इथे कागदाची खरी परीक्षा होते. घटस्फोटाच्या अर्जाचा विषय लग्न असतो, जमीन नसते. दाव्याच्या विषयाबाहेरची स्थावर मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्याने द्यायची, तर नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो नोंदवावा लागतो. हे कोणी सांगत नाही. बाई हुकूमनाम्याची नक्कल घेऊन तलाठ्याकडे जाते, तो नोंदणीकृत दस्त मागतो आणि फेरफार अडतो. तोवर जमीन विकलीही गेलेली असते. एकदा जमीन रीतसर नावावर झाली, की कायदा तिच्या बाजूने भक्कम आहे. पोटगीपोटी मिळालेल्या मिळकतीची हिंदू स्त्री पूर्ण मालक होते. तडजोडीत ‘हयातीपुरती’ लिहिलेले असले तरीही. सर्वोच्च न्यायालयाच्या तुळसम्मा खटल्यात १९७७ मध्ये हेच ठरले, आणि तिथली तडजोड १९४९ ची होती. एका वाक्याचा अर्थ लावायला अठ्ठावीस वर्षे.

माझे म्हणणे इतकेच की हा अर्थ लावण्याचे काम सहीच्या दिवशी व्हावे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ न्यायाधीशावर जबाबदारी टाकते : संमती जोरजबरीने, फसवणुकीने वा दडपणाखाली घेतलेली नाही, अशी खात्री करूनच हुकूमनामा द्यायचा. प्रत्यक्षात ‘सही तुमचीच ना? मर्जीने केली ना?’ एवढ्यावर खात्री आटोपते. लोकअदालतीच्या दिवशी तर निकाली प्रकरणांचा आकडा महत्त्वाचा ठरतो, आणि तिथल्या निवाड्यावर अपीलही नाही. उत्पन्न किती, जमीन कोणाच्या नावावर, नोंदणी कधी, हप्ता चुकला तर काय, हे चार प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही. हमीही न्यायालयाला दिली, असे स्पष्ट लिहून घ्यावे. नुसत्या संमतीच्या हुकुमाचा भंग म्हणजे न्यायालयाचा अवमान होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले होते.

लेकीच्या तडजोडीला जाणाऱ्या बापाला, भावाला एकच विनंती. रक्कम हप्त्याने असेल तर जमिनीवर बोजा मागा, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद होईल असे कलम घाला, आणि जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर त्याचीही सही घ्या. तोवर ‘यापुढे कोणताही हक्क राहणार नाही’ या ओळीखाली तिला सही करू देऊ नका.