जे आधी होईल ते

माणसाने आयुष्यात एकदा तरी कर्ज काढून चारचाकी घ्यावी. त्याशिवाय त्याला नीतिशास्त्राची गोडी लागत नाही. ज्याच्याकडे गाडी नाही तो 'सत्य म्हणजे काय' असल्या प्रश्नावर कूस बदलून झोपू शकतो. ज्याच्याकडे आहे, आणि तीही पाबे घाटात वाफा सोडणारी, त्याला तो प्रश्न जेवताना, दाढी करताना आणि विशेषतः चढावर पडतो.

अस्मादिकांची नोकरी बँकेत. बहुतेक दिवस भोरच्या शाखेत आणि अधूनमधून वेल्ह्याला. (वेल्हे तालुक्याचं नाव २०२४ मध्ये राजगड करायचं ठरलं, पण वेल्ह्याला जायला निघालेला माणूस अजून वेल्ह्यालाच पोचतो.) चेलाडी फाट्यावर एस.टी.ची वाट बघून बघून तिथला चहावाला मला घरचाच समजू लागला, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, स्टाफ लोन मिळतंय तर घ्या ना गाडी." घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. एक तर ते वकील पाठवतील. आणि दुसरं म्हणजे त्याच कंपनीच्या इतर गाड्या इतरांकडे मुकाट चालताना मी रोज पाहतो. त्यामुळे तर दुःख जास्त.

शोरूममध्ये गाडीला हार, आम्हांला पेढे आणि सौ.च्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली दिली. फोटो निघाल्यावर पुठ्ठ्याची परत घेऊन खरी दिली. हा व्यवहार उलटा झाला असता तरी पुढच्या दोन वर्षांत फारसा फरक पडला नसता. सोबत एक पुस्तिका मिळाली. तीत लिहिलं होतं : वॉरंटी दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. हे वाक्य वाचून मी उगाचच गंभीर झालो. आपल्या जन्माच्या दाखल्यावरही खरं म्हणजे हेच छापायला हवं.

वर्षभरात गाडीने स्वभाव दाखवला. सपाटीवर निव्वळ गाय. पण घाट लागला की टेंपरेचरचा काटा असा चढायचा, की गाडीच्या आधी तोच घाटमाथ्यावर पोचायचा. मग बॉनेट उघडून मी, सौ. आणि वाफ असे तिघे तोरण्याचं दर्शन घेत उभे.

पुण्यातल्या वर्कशॉपात टाय लावलेला एक तरुण असतो. त्याला सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर म्हणतात. सल्ला तो एकच देतो : "सर, गाडी ठेवून जा." संध्याकाळी धुतलेली गाडी आणि एक कागद मिळतो. कागदावर लिहिलेलं असतं, 'दोष आढळला नाही.'

"अहो, पण दोष घाटात आढळतो," मी म्हटलं.

"सर, आम्ही ट्रायल घेतली."

"कुठे?"

"सातारा रोडला."

"सातारा रोडला चढ आहे?"

"फ्लायओव्हर आहे ना, सर."

असे पाच वेळा झाले. पाच कागद मी फाइलला लावले. बँकेतल्या माणसाचा देवापेक्षा फाइलवर विश्वास जास्त. वॉरंटी संपल्यावर बरोबर तेविसाव्या दिवशी सहाव्यांदा गेलो, तर वीस मिनिटांत दोष सापडला! "हेड गॅस्केट, सर. अडतीस हजार."

"पण मी दीड वर्ष हेच सांगतोय!"

"हो सर. पण तेव्हा दोष आढळला नव्हता."

उत्तर बिनतोड होतं. मी घरी आलो.

रात्री माळ्यावरचं मर्कंटाइल लॉचं पुस्तक काढलं. बी.कॉम.ला असताना मालविक्री कायदा, १९३०, कलम १२, मी घोकून पाठ केलं होतं. अट म्हणजे कराराच्या मूळ हेतूला आवश्यक असलेली गोष्ट. ती मोडली तर करारच मोडता येतो. वॉरंटी म्हणजे मूळ हेतूच्या आजूबाजूची गोष्ट. ती मोडली तर भरपाई मागा, पण माल परत घ्या म्हणू नका. परीक्षेत या फरकाला दहापैकी सात गुण पडले होते. अर्थ मात्र पंचवीस वर्षांनी कळला. ज्या शब्दाला आपण छातीशी धरतो, तो कायद्याच्या घरात दुय्यम आहे. आणि घाट चढणं हा गाडीचा मूळ हेतू की आजूबाजूची गोष्ट? पुण्यात राहणाऱ्याला आजूबाजूची. वेल्ह्याला जाणाऱ्याला दुसरा हेतूच नाही.

आमचे हेड कॅशियर म्हणाले, "ग्राहक आयोगात जा." ते अशा बाबतीत फार तयारीचे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातच ग्राहक पंचायत सुरू केली इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा, त्याच्या जागी आलेला आणि २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागलेला २०१९ चा कायदा, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करायची सोय, दहा लाखांच्या आतल्या मालाला फार तर दोनशे रुपये फी आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत, हे सारं त्यांनी एका चहात सांगितलं. शिवाय इंडिकाचा दाखला दिला. १९९८ च्या अखेरीस टाटांनी ती आणली. आपल्या पिंपरी-चिंचवडचीच पोर. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली 'व्ही टू' काढली. लोकांनी ती डोक्यावर घेतली. "म्हणजे काय," कॅशियर म्हणाले, "चूक झाली यानं गिऱ्हाईक जात नाही. चूक झालीच नाही म्हटलं की जातं."

हे वाक्य मी तक्रारअर्जात घालायचं ठरवलं. वेल्ह्याच्या शाखेत दुपारी जरा निवांत असतं. तिथे अर्ज लिहायला बसलो. 'सेवेतील त्रुटी' हा मथळा दिला, तोच काउंटरवर एक बाई आल्या. नवरा वारला होता. तीन वर्षांपूर्वी खातं काढताना दोन लाखांच्या विम्याच्या योजनेवर त्याची सही घेतली होती. मीच घेतली होती. मी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. त्या वर्षी हप्ता कापायच्या दिवशी खात्यात पैसे कमी होते. हप्ता गेला नाही, विमा बंद.

"ताई, नियमात बसत नाही," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता ना, सही करा, आता काळजी नाही?"

म्हणालो होतो. रांग मोठी होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय छापलंय ते सांगायला वेळ नव्हता. खात्यात अमुक दिवशी पैसे ठेवा, हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. मी सांगितलं नव्हतं आणि आता मी जे सांगत होतो ते अगदी बिनतोड होतं. माझा आवाज ओळखीचा वाटला. त्या टायवाल्याचा होता. मी टाय लावत नाही एवढाच फरक. मॅनेजरसाहेबांच्या सहीने वरच्या ऑफिसला पत्र पाठवलं. आठवड्यात उत्तर आलं : नियमात बसत नाही.

तक्रारअर्ज पुढे सरकेना. मुदत होती, फी परवडत होती, पण मथळ्याच्या खाली नाव कोणाचं घालायचं ते ठरेना.

या मुलुखात राहण्याचा हा एक त्रास आहे. इकडे रायरेश्वर. १६४५ मध्ये शिवरायांनी सवंगड्यांसह स्वराज्याची शपथ घेतली ती तिथे, असं परंपरा सांगते. पलीकडे कारी, कान्होजी जेध्यांचं गाव. १६५९ मध्ये अफजलखान आला, तेव्हा महाराजांनी त्यांना वतन वाचवायची वाट मोकळी करून दिली होती. कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं आणि दिलेला शब्द राखला. 'जे आधी होईल ते' असं कोणी म्हटल्याची नोंद नाही. अशा गावांवरून रोज जायचं आणि गॅस्केटच्या अडतीस हजारांसाठी मन खट्टू करायचं, म्हणजे स्वतःलाच लाज. अर्थात कान्होजींना स्टाफ लोनचा हप्ता नव्हता, हेही ध्यानात घेतलं पाहिजे.

भोरच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, कान लावला, पाण्याच्या टाकीचं झाकण हुंगलं आणि निदान केलं, "बाई बरी होणार नाही. पण नांदेल. घाटात एसी बंद, दुसरा गिअर, वर गेलात की पाच मिनिटं विसावा." पैसे विचारले तर म्हणाले, "सांगायचे कसले पैसे?" यावरून 'गावची माणसं भली, शहरातली लबाड' असा निष्कर्ष कोणी काढू नये. याच मिस्त्रींनी एकदा 'उद्या देतो' म्हणून माझी गाडी अकरा दिवस ठेवली होती. पण अकराही दिवस 'दोष माझा आहे साहेब' म्हणत होते.

शेवटी गाडी विकायची ठरली. विंझरकडचे एक गृहस्थ आले. भातशेती, दोन म्हशी. आईला उपचाराला दर आठवड्याला पुण्याला न्यायचं. पाबे घाटातून जवळ पडतं म्हणाले. गाडीभोवती एक चक्कर मारली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "आपल्याला यातलं काय कळतंय साहेब? तुम्ही बँकेतले. तुम्ही चांगली म्हणालात की झालं."

टेबलावर फाइल होती. फाइलीत पाच कागद, सहीशिक्क्याचे : दोष आढळला नाही. सहावा कागद मी त्या दिवशी रागाने तिथेच टाकून आलो होतो. म्हणजे कागदोपत्री गाडी निर्दोष! विकत घेणाऱ्यानेच डोळे उघडे ठेवावेत, हेही पुस्तकात होतं. भाव ठरला होता तीन लाख चाळीस हजार. सौ. आतून चहा घेऊन आली आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं 'खरं सांगा' असं होतं की 'गप्प बसा' असं, हे मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर ती म्हणते, साखर घालायची की नाही हे विचारत होते.

मी फाइल उचलली. उघडली. म्हातारी आई मागच्या सीटवर, बाहेर वाफ, हे दिसायला लागलं. फाइल मिटली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं : गॅस्केट, काटा, वाफ, अडतीस हजार. "आधी काम करून घ्या, त्याशिवाय आईंना घेऊन घाटात जाऊ नका," हेही सांगितलं. भाव तीन लाखांवर आला. चाळीस हजारांवर पाणी सोडताना कान्होजींची आठवण झाली, पण हात थरथरले ते माझेच.

पाहुणे शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "ठाऊक आहे. मिस्त्रींनी कालच सांगितलं."

"मग मला कशाला विचारलंत?"

"गाडी कशी आहे ते मिस्त्रीला विचारायचं. माणूस कसा आहे ते मिस्त्रीला काय माहीत? तुमच्या बँकेत आमचं खातं आहे ना!"

म्हणजे ट्रायल माझीच चालली होती, आणि तीही घाटात. मी पास झालो म्हणावं, तर फाइल उघडली होती हे मला ठाऊक आहे. दोष आढळला नाही, एवढंच.

त्या बाईंचे दोन लाख मात्र कुठल्याच वॉरंटीत बसले नाहीत. तेव्हापासून मी काउंटरवर कागदाची मागची बाजू आधी वाचून दाखवतो, मग सही घेतो. माणशी अर्धं मिनिट जास्त लागतं. रांग दारापर्यंत जाते. परवा मॅनेजरसाहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "अहो, जरा वेग वाढवा की!"

मी म्हटलं, "साहेब, घाट आहे. दुसऱ्या गिअरमध्ये आहे."