कायकाला पायऱ्या असतात काय?

कामात उच्च-नीच नाही, ही गोष्ट आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. बसवजयंतीच्या व्याख्यानात आपण ती ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येतो. परंतु दहावीचा निकाल लागला की तेच घर विचारू लागते, "एवढे गुण मिळाले, मग आय.टी.आय.ला कशाला घालायचे?" सद्भक्तहो, या एका प्रश्नात आपल्या कायकनिष्ठेची परीक्षा दडलेली आहे.

भोपाळचे उदाहरण घेऊ. या शहराच्या दक्षिणेला, नर्मदापुरमकडे (पूर्वीचे होशंगाबाद) जाणाऱ्या रस्त्यावर मिसरोद लागते. त्याच रस्त्याने पुढे गेले की मंडीदीपची औद्योगिक वसाहत. आज मिसरोदजवळ एका विद्यापीठाच्या नावातच कौशल्य आहे: स्कोप ग्लोबल स्किल्स विद्यापीठ. शहरातील श्यामला हिल्सवर १९९३ साली स्थापन झालेली पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. आशियाई विकास बँकेचे कर्ज आणि सिंगापूरचे मार्गदर्शन घेऊन मध्य प्रदेश शासनाने उभारलेले ग्लोबल स्किल्स पार्कही भोपाळातच असून त्याला संत शिरोमणी रविदासांचे नाव दिले आहे. चामड्याचे काम करता करता संतपदाला पोहोचलेल्या महापुरुषाचे नाव यंत्रविद्येच्या शाळेला मिळावे, ही आनंदाचीच गोष्ट होय. मात्र नावाने आलेला मान त्या दारातून आत जाणाऱ्या मुलापर्यंत पोहोचतो काय?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने याचे उत्तर प्रांजळपणे दिले आहे. व्यवसाय शिक्षण कमी दर्जाचे आणि अभ्यासात मागे पडणाऱ्यांसाठी आहे असा समज समाजात आहे, असे ते धोरणच सांगते. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजानुसार भारतात १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहूनही कमी कामकऱ्यांनी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतले होते. जर्मनीत हेच प्रमाण ७५ टक्के आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के असल्याचे त्यात नमूद आहे. आपल्याकडे हात कमी नाहीत. हाताकडे पाहण्याची दृष्टी कमी पडली आहे.

आता युग ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेचे आहे असे म्हणतात. त्याचा अर्थ काहीजण असा लावतात की ज्ञानी लोक वेगळे आणि राबणारे वेगळे. वस्तुस्थिती उलट आहे. पूर्वी लेथवर काम करणाऱ्याचा हात सरावाने चालत असे. आज संगणकावर चालणाऱ्या लेथला आज्ञा द्यायच्या तर नकाशा वाचता आला पाहिजे, गणित आले पाहिजे, धातूचा स्वभाव कळला पाहिजे. म्हणजे राबणाऱ्यालाच ज्ञान हवे आहे. अनुभव मंटपात हेच घडले होते. नाव चालवणारा अंबिगर चौडय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, सांडलेले तांदूळ वेचणारी आयदक्की लक्कम्मा हे तेथे ऐकायला बसले नव्हते. ते बोलत होते, आणि त्यांचे बोलणे वचन झाले. परंपरा सांगते की मोळिगे मारय्या काश्मीरचे राज्य सोडून कल्याणास आला आणि लाकडाच्या मोळ्या विकू लागला. दार दोन्ही बाजूंनी उघडे होते. नावाडी तत्त्वचिंतनाकडे जात होता आणि राजा मोळीकडे येत होता.

येथे कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण फिटरला पगार किती आणि अभियंत्याला किती? बापाने मुलाचे हित पाहायचे की तत्त्व?" ही शंका खोटी नाही. ज्या कामाला पोटापुरते मोल नाही आणि ज्यातून पुढे जायला वाट नाही, त्याची नुसती थोरवी गाणे हा राबणाऱ्याचा उपहास आहे. म्हणून आय.टी.आय. झालेल्याला पदविका आणि पदवीपर्यंत जाता आले पाहिजे. २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीचा उद्देश तोच होता.

दुसरीही एक सावधगिरी हवी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. ज्याच्या हातात आज ते काम आहे त्याला ही मदत मोलाची आहे. पण कुंभाराच्या मुलाने कुंभारच व्हावे असा त्यातून कोणी अर्थ काढला, तर ते कायक नव्हे, ती जन्माची बेडी होय. शरणांनी काम पवित्र केले, जन्म नव्हे.

मग खरी कसोटी कोणती? ती कल्याणातच लागली. चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचा विवाह झाला, आणि दोन्ही पित्यांना बिज्जळाने देहदंड दिला. कामाची समता बोलण्यात होती तोवर राजाला अडचण नव्हती. ती लग्नमंडपात आली तेव्हा सिंहासन हादरले.

आज आपल्याला प्राण द्यायचे नाहीत. परंतु मुलीसाठी स्थळ पाहताना, मुलगा निर्व्यसनी आहे, मंडीदीपसारख्या वसाहतीत कुशल फिटर आहे, स्वतःच्या हाताने कमावतो, एवढे कळल्यावर आपण पुढे विचारतो की तेथेच थांबतो? आपल्या हुशार मुलाने यंत्रशाळेत जायचे म्हटले तर आपला चेहरा उतरतो काय? धोरणे दिल्लीत आणि भोपाळात होतात. कौशल्याची प्रतिष्ठा मात्र आपल्या ओसरीवर ठरते. दुसऱ्याच्या मुलाला श्रमाचा महिमा सांगणे सोपे आहे. स्वतःच्या मुलाच्या हाताला लागलेले यंत्राचे तेल पाहून ज्याला धन्यता वाटेल, त्याला कायकाचा अर्थ कळला असे समजावे.

शरणु शरणार्थी.